काट्यावर पन्नास

इरफान कुठंही टेकला की त्याचा उजवा गुडघा हलायला लागायचा. टेम्पोच्या फाळक्यावर, चहाच्या टपरीवर, जेवणाच्या ताटावरसुद्धा. त्याची आई नईमा भाकरी थापता थापता ओरडायची, "पैर मत हिला रे, घर की बरकत जाती है!" तेवढ्यापुरता गुडघा थांबायचा, आणि ती तव्याकडं वळली की पुन्हा सुरू. आता त्या घरात जायला बरकत होती कुठं? पण आईला हे कोण सांगणार!

शहाद्यात केळी कापणाऱ्यांच्या टोळ्या आहेत, त्यातली एक सलीमची. सलीम म्हणजे नईमाचा सख्खा भाऊ, इरफानचा मामू. पहाटे टेम्पो निघायचा तो तापीकाठच्या गावांना, ब्राह्मणपुरीला, जिथं बाग कापणीला आली असेल तिथं. दोन गडी विळ्यानं घड उतरवायचे. बाकीचे डोक्यावर गोणपाटाची घडी ठेवून एका खेपेला दोन-दोन घड बांधावरच्या ट्रकपाशी न्यायचे. आणि एक जण ट्रकमध्ये उभा राहून केळीचा पाला अंथरायचा, घडांना डाग पडू नये म्हणून. पाला अंथरणं हे म्हाताऱ्याचं काम, नाहीतर बाईमाणसाचं. सलीमच्या टोळीत ते एकवीस वर्षांचा इरफान करायचा. हिस्साही त्याला अर्धाच.

कारण टोळीचा कायदाच तसा होता. काट्यावर पन्नास किलो भरल्याशिवाय कुणी डोक्यावर घड घ्यायचा नाही. कायदा सलीमनंच केलेला, जाहिदची मान गेली तेव्हा. जाहिद इरफानचा बाप. पावसात, निसरड्या बांधावर, दोन घड डोक्यावर असताना त्याचा पाय सरकला. घड काही त्यानं पडू दिले नाहीत, पण मानेत काहीतरी कट्कन वाजलं. तेव्हापासून गळ्याला पट्टा. कुणी हाक मारली की त्याची मान वळत नाही, सगळा माणूसच वळतो.

आणि इरफान गेला होता नेमका बापावर. लांब मनगटं, मोजून घ्याव्यात अशा बरगड्या, सदरा अंगात घातलेला की खुंटीला अडकवलेला ते कळू नये. काहीही खाल्लं तरी अंगी लागायचं नाही. टोळीत डोंगरातल्या मोलगीकडचा वीरसिंग होता, तो भाकर-मिरचीवर दिवस काढायचा आणि दंड बघावेत तर मांडीएवढे. ह्याला काय म्हणायचं? देवाच्या घरी न्याय आहे म्हणतात, पण मांस वाटताना देवाचा हात थरथरतो एवढं खरं.

रमजान ईद झाली आणि इरफाननं मनाशी ठरवलं, आता बस झालं. मोबाईलमध्ये एक पहिलवान रोज सांगायचा. बारीक माणसानं दिवसातून सहा वेळा खावं, भूक नसली तरी खावं. धावाधाव कमी करावी, वजन उचलावं, आठवड्याला थोडं थोडं वाढवत न्यावं, आणि मुख्य म्हणजे झोप काढावी. अंग आरामात बनतं, असं तो म्हणायचा. इरफाननं तेलाच्या दोन डब्यांत सिमेंट ओतलं, मध्ये नळाचा पाइप रोवला आणि अंगणात उचलाउचली सुरू केली. सहा वेळा खायचं ऐकून नईमानं कपाळावर हात मारला. "छह बार? शादी का घर है क्या?" पण दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याच्या डब्यात दोन भाकरी जास्त घातल्या, शेंगदाण्याची चटणी घातली, आणि तोंडानं मात्र चकार शब्द काढला नाही.

बाकी सगळं जमलं, आराम तेवढा जमेना. अंथरुणावर पडला की डोक्यात आकडे फिरायचे. उठून दंडाला वीत लावून बघायचा. पुन्हा पडायचा. पुन्हा उठायचा.

ब्राह्मणपुरीला लोटन आबांची बाग होती. बाग मोठी, घड एकदम तयार होत नाहीत, म्हणून टोळी दर आठवड्याला तिथं जायची. लोटन आबांची बायको सरलाबाई. गुजर घरची बाई, अंगानं थोराड, आवाजानं त्याहून थोराड. तिनं पहिल्यांदा इरफानला ट्रकवर पाला अंथरताना पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कारे पोऱ्या, तुले घरमा खावाले देतस का नई?"

"देतस ना माय. लागत नई."

"लागत नई म्हन्जे? ये इकडे."

तिचा स्वतःचा मुलगा भावेश सुरतेला. घरी आला तरी दुधाला तोंड वाकडं करायचा. गोठ्यात म्हैस दूध देतेय आणि पिणारा नाही, हे त्या बाईच्या जिवाला लागलेलं. तिनं पेलाभर दुधात दोन पिकली केळी कुस्करली, गुळाचा खडा टाकला आणि त्याच्या हातात दिलं. पहिल्या दिवशी गोठ्यातल्या खुंटीवरचा ग्लास होता, गड्यांसाठी ठेवलेला. नंतर कधीतरी, काही न बोलता, घरातला पितळी पेला यायला लागला. इरफानच्या ते लक्षात आलं. तो पेला तो स्वतः राखेनं घासून पालथा घालून ठेवायचा.

टोळीला काम द्यायचा व्यापारी, आणि घडांचं वजनही व्हायचं त्याच्याच काट्यावर. लाल आकड्यांचा काटा, तो घेऊन यायचा व्यापाऱ्याचा माणूस दिलवरसिंग. शेवटचा घड मोजून झाला की तो डोळा बारीक करून हाक मारायचा, "चढ रे इरफान, आखरी घड!" सगळी टोळी गोळा व्हायची. ईदनंतर आकडा आला त्रेचाळीस. पुढं चव्वेचाळीस, पंचेचाळीस, शेहेचाळीस. सरलाबाई लांबून विचारायची, "कितला उना?" आकडा ऐकून खूष व्हायची. आणि मग शेहेचाळीसवर गाडी अडली ती अडलीच. वैशाख पेटला, केळीची पानं वाऱ्यानं चिंध्या झाली, सिमेंटच्या डब्यांना इरफाननं विटा बांधल्या, पण काटा जागचा हलेना.

"घड तरी वाढस, हाऊ वाढत नई," वीरसिंग म्हणायचा आणि सगळे खो खो हसायचे. इरफान पण हसायचा. काय करील? रडलं तर आणखी हसतील.

घडसुद्धा वाढत नव्हते म्हणा. लोटन आबा बांधावर उकिडवे बसून आकडे ऐकायचे आणि मान हलवायचे. "इतलं खत टाकं, पानी दिधं, तरी वजन भरत नई. बागले खायेलं अंगले लागत नई यंदा." खतावर खत चाललं होतं त्यांचं. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत युरियाच्या गोण्या रचलेल्या असायच्या.

इकडं गल्लीतल्या एका बाईनं नईमाच्या कानात सोडून दिलं, इतकं खाऊन पोरगं सुकतंय म्हणजे छाती तपासून घे. झालं! नईमानं त्याला हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या ममता सिस्टरनं नाव विचारलं, खोकला विचारला आणि काट्यावर उभं केलं.

"एक्कावन्न."

"शेहेचाळीस, मॅडम," इरफान म्हणाला.

"तू मला शिकव आता."

"तुमचा काटा पुढं आहे."

ममता सिस्टरनं चप्पल काढली आणि स्वतःच काट्यावर चढली. "हे बघ. माझं वजन मला तोंडपाठ आहे, आणि मला ते नको आहे. काटा पुढं असता तर मीच पहिली बोंब मारली असती. तू आजारी नाहीस. तुझं हाड बारीक आहे, इतकंच. खातोयस ते लागतंय तुला. चालू ठेव."

इरफान बाहेर आला तो आईला मागं सोडून सुटलाच. पिठाच्या गिरणीत गेला, चक्कीवाल्याची मनधरणी करून धान्याच्या काट्यावर चढला. एक्कावन्न. भंगारवाल्याकडं गेला, त्यानं लोखंडाच्या ढिगातून वाट करून दिली. एक्कावन्न. एसटी स्टँडवरच्या नाणं टाकायच्या मशीनवर चढला, दिवे लुकलुकले, चिठ्ठी बाहेर आली. तिच्यावरही एक्कावन्न, आणि खाली लिहिलेलं की लवकरच शुभवार्ता मिळेल. स्टँडच्या गर्दीत उभं राहून तो एकटाच मोठ्यानं हसला. त्याला नाचावंसं वाटत होतं. आपण झालो! कधीचेच झालो!

घराच्या वळणापर्यंत तो आनंद टिकला. तिथं त्याचे पाय थबकले. गिरणी खरी, भंगारवाला खरा, दवाखाना खरा, तर मग खोटा कोण? माझे पाच किलो जिथं गेले, तिथं लोटन आबांच्या घडांचे किती गेले असतील? त्याला एकदम पितळी पेला आठवला आणि उन्हात उभं असून अंगावर काटा आला.

पुढच्या खेपेला ब्राह्मणपुरीच्या वाटेवर टेम्पो चहाला थांबला, तेव्हा त्यानं सलीमला लिंबाखाली गाठलं. घरात त्यांची बोली हिंदी, पण कामावर दोघं अहिराणीतच बोलायचे.

"मामू, दिलवरसिंगना काटा खोटा शे."

सलीमनं तंबाखू मळायची थांबवली नाही. "हळू बोल."

"तुले माहीत व्हतं?"

"पोऱ्या, मन्ही सारी जिंदगी काटासमोर गयी. माले नई माहीत तर कोनले?"

इरफानचा आवाज चिरकला. "मंग माले पन्नास कसाले सांगं? मी एक्कावन्न शे! इतला दिन बाईना मायेक पाला हातरी ऱ्हायनू मी!"

सलीमनं तंबाखू ओठाखाली सरकवली, हात झटकले आणि पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. "काटावर पन्नास म्हन्जे खरा पंचावन्न. पंचावन्नना गडी टिकस. तुन्हा बाप बावन्नना व्हता."

इरफानचा राग होता तो राग राहिला नाही, आणि गेलाही नाही.

"आनि लोटन आबा?" त्यानं विचारलं.

"लोटन आबाले जमीन शे, घर शे. आपले काय शे? हाऊ शेठ सुटना तर दुसरा कोन बलाई? ह्या टेम्पोवर कितल्या चुली शेत, देख जरा." सलीमनं टेम्पोकडं हनुवटी केली. फाळक्यावर वीरसिंग चहात पाव बुडवून खात होता. "तोंड शिवी ठेव. तुन्हा पंचावन्न व्हई जाई, मंग उचल घड. मी काय नई म्हनस का?"

त्या दिवशी वारा तापलेल्या तव्यावरून आल्यासारखा येत होता. इरफाननं पाला अंथरला, उचलून पुन्हा अंथरला, एकच पान तीन ठिकाणी लावून बघितलं. "किडा चावना का रे तुले?" वीरसिंगनं खालून विचारलं. दिलवरसिंग छत्रीखाली बसून आकडे म्हणत होता. लोटन आबा बांधावर उकिडवे. घड काट्यावर चढायचे, उतरायचे, ट्रकात रचले जायचे. प्रत्येक आकडा इरफानच्या कानात शिरून आत रुतत होता.

दुपारी शेवटचा घड मोजून झाला तेव्हा सरलाबाई स्वतः पेला घेऊन बांधावर आली. पदर डोक्यावरून कानामागं खोचलेला, कपाळाला घाम.

"आज माले देखनं शे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मन्ही म्हैस कितली कामनी शे ते. पी, आनि चढ काटावर."

"नको माय."

"का नको? मी काय परकी शे? चढ!"

तो दूध प्याला. आणि चढला. लाल आकडे फडफडले, थांबले.

"शेहेचाळीस!" दिलवरसिंग ओरडला. "तोच आखरी घड!"

"माय, म्हैस बदलाई टाक!" वीरसिंग म्हणाला आणि हशा पिकला. सरलाबाई हसली नाही. तिनं रिकामा पेला त्याच्या हातातून घेतला, पदरानं पुसला.

"जाऊ दे भाऊ," ती हळू म्हणाली. तिचा तो थोराड आवाज इतका खाली आलेला कुणी ऐकला नव्हता. "काही लोकेस्ले लागतच नई. तुन्हा काय दोष? मन्हाच दूधमा कस नई ऱ्हायना."

"मन्हा बागनं बी तेच शे," लोटन आबा बसल्या जागेवरून म्हणाले. "आपलाच हात खोटा. दुसराले काय बोलनं?"

इरफान काट्यावरून उतरला. वीरसिंगच्या खांद्यावरची गोणपाटाची घडी त्यानं ओढून घेतली आणि मोटारीच्या खोलीकडं चालू लागला. कुणाला वाटलं लाजला, तोंड लपवायला चालला.

आत युरियाच्या गोण्या होत्या, शिवण न उसवलेल्या. त्यानं एक उभी केली. खाली वाकला, पाठ सरळ ठेवली, मोबाईलमधला पहिलवान सांगायचा तशी. गोणी गुडघ्यावर आली, मांडीवर आली. तिथं ती अडली. हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढं पिवळं पिवळं झालं. या अल्लाह, एवढं एकदा. श्वास ओढून त्यानं हिसडा दिला. गोणी खांद्यावर, खांद्यावरून डोक्यावर. मानेत कुठं वाजतंय का, ते ऐकत तो क्षणभर तसाच उभा राहिला. काही वाजलं नाही.

तो दारातून बाहेर पडला तेव्हा पहिल्यांदा सलीमला दिसला. "इरफान!" सलीम किंचाळला. "ठेव! ठेव खाली ते!"

इरफान थांबला नाही. बांध अरुंद, दोन्ही बाजूंना पाणी दिल्यानं चिखल झालेला. एक पाऊल, मग दुसरं. वीरसिंग आधाराला धावला, इरफाननं डोळ्यांनीच नको म्हटलं. वीरसिंगचं हसू कुठल्या कुठं पळालं होतं. काट्यापाशी येऊन इरफाननं गुडघे वाकवले आणि गोणी उतरवली. काटा हादरला. लाल आकडे फडफडले, थांबले.

साडेचाळीस.

इरफाननं गोणी वळवली, छापलेली बाजू लोटन आबांकडं केली.

लोटन आबा उठले. गुडघ्यांवर हात टेकून, वेळ लावून उठले. जवळ आले, गोणीवरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "पंचेचाळीस," त्यांनी वाचलं. मग काट्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि ते बोट तिथंच राहिलं.

"दिलवरसिंग, हाई काय शे?"

"बॅटरी उतरनी व्हई, आबा," दिलवरसिंग म्हणाला, पण छत्रीच्या दांड्यावर त्याची बोटं नुसती वरखाली होत होती.

"कितला सालपासून उतरनी?"

दिलवरसिंग छत्री मिटायला लागला. लोटन आबा सलीमकडं वळले. सलीमची नजर जमिनीत गडलेली. तेवढ्यात आबांना जे कळायचं ते कळलं. ते शिवी देतील असं सगळ्यांना वाटलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"घड उतारा," ते म्हणाले. "सगळा. एक बी जावाले नको."

सरलाबाई मात्र काट्याकडं बघतच नव्हती. ती इरफानजवळ आली. त्याच्या मानेवरून घामाचे ओघळ. "मंग तुन्हं खरं वजन कितलं शे?"

"एक्कावन्न, माय."

तिनं ओठ हलवून मनात हिशेब केला. मग तिच्या छातीतून मोठा श्वास सुटला. "म्हन्जे लागं," ती म्हणाली. "मन्हं दूध लागं तुले." आणि डोळ्यांना पदर लावून ती घराकडं निघून गेली, पेला हातात तसाच.

भरलेला ट्रक टोळीनं रिकामा केला. ह्या कामाला ना हिस्सा, ना मजुरी. फाळक्यावर पहिला सलीमच चढला. इरफाननं दोन घड डोक्यावर घेतले, आणि त्याला कुणी अडवलं नाही. ज्यासाठी त्यानं दिवसरात्र एक केले, ते काम असं मिळालं. दिवस कलेपर्यंत तो ट्रकापासून बागेच्या सावलीपर्यंत घड वाहत राहिला आणि सगळ्या टोळीत एक माणूस त्याच्याशी बोलला नाही. फक्त वीरसिंगनं गोणपाटाची घडी परत मागितली नाही.

परतताना टेम्पोत नुसता इंजिनाचा आवाज. एकानं बाहेर थुंकून म्हटलं, "आते खाय वजन." इरफाननं ऐकून घेतलं. खोटं काय होतं त्यात? शहाद्याच्या नाक्यावर सगळे आपापल्या वाटेनं गेले. सलीम त्याच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

"तेरे बाप को तू बता," तो म्हणाला. "मेरी हिम्मत नहीं." आणि वळून गेला.

जाहिद दारातल्या खाटेवर बसला होता. इरफाननं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काहीच लपवलं नाही. काम गेलं. मामूचं गेलं, सगळ्यांचं गेलं. आत नईमाच्या हातातली भाकरी थापायची थांबली. जाहिदनं पट्ट्यातून हनुवटी वर केली आणि सगळं अंग पोराकडं वळवलं.

"गोणी कितने की थी?"

"पैंतालीस."

"सर पे ली?"

"हाँ."

"इधर आ. बैठ."

इरफान त्याच्यासमोर खाली बसला. जाहिदनं दोन्ही हात पुढं करून पोराची मान धरली. अंगठ्यांनी मणके चाचपत वर गेला, पुन्हा खाली आला. एका जागी दाबलं, थांबला. दुसऱ्या जागी दाबलं. "यहाँ दुखता है? यहाँ?" इरफाननं नाही म्हटलं. तरी बापाचे हात मानेवरून निघेनात.

"ठीक है," जाहिद शेवटी म्हणाला. "नईमा, रोटी दे इसको. दो ज्यादा दे."

"कल का क्या, अब्बा?"

"कल आराम कर. वो मोबाईलवाला बोलता है ना, आराम में बदन बनता है." हसता हसता त्याला मानेत कळ आली आणि त्यानं पट्टा धरला.

नईमानं ताट आणून पुढं ठेवलं. भाकरी गरम होती. इरफाननं घास मोडला आणि जेवायला सुरुवात केली. नईमा समोर बसून त्याच्या गुडघ्याकडं बघत होती. गुडघा हलत नव्हता.